भरपाईची झाडे आणि वुड ॲनिमोनी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उत्तर युरोपातल्या एखाद्या नव्या महामार्गाची किंवा रेल्वेमार्गाची बातमी आली की तिच्या शेवटी एक वाक्य हमखास जोडलेले असते: जेवढी झाडे तुटतील त्याच्या दुप्पट-तिप्पट नवी लावली जातील. ते वाचून वाचकाचा जीव भांड्यात पडतो आणि विषय संपतो. हा हिशेब झाडांच्या डोक्यांचा झाला. जंगलाचा हिशेब जमिनीलगत करावा लागतो, आणि तो करायला तिथले वीतभर उंचीचे एक पांढरे फूल फार उपयोगी पडते. त्या फुलाचे नाव वुड ॲनिमोनी. ते कसे वाढते, कशाने मरते आणि परत का येत नाही हे कळले की ‘दुप्पट झाडे लावू’ या आश्वासनात काय राहून जाते ते दिसते. म्हणून हे पत्र.

आधी ओळख. शास्त्रीय नाव ॲनिमोनी नेमोरोसा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलेले. ‘नेमोरोसा’ म्हणजे वनराईतली. कुल मोरवेलीचे, रॅनन्क्युलेसी. अलीकडे काही वनस्पतिशास्त्रज्ञ ही जाती ॲनिमोनॉयडिस या वेगळ्या प्रजातीत धरतात, त्यामुळे पुस्तकांत दोन्ही नावे आढळतात, वनस्पती एकच. ब्रिटनपासून स्कँडिनेव्हिया ते पश्चिम रशियापर्यंत ओक, ॲश, बीच, हेझल, हॉर्नबीम अशा पानगळीच्या जंगलांत, अक्षांशानुसार मार्च ते मे या काळात ती फुलते. पोलंड-बेलारूस सीमेवरच्या बियावोव्येझा जंगलात झाडांना पाने फुटण्याआधी तिने जमीन पांढरी झालेली असते.

एका नाजूक दांड्यावर एकच फूल, व्यास २ ते ४ सेंटिमीटर. ज्यांना आपण पाकळ्या म्हणू ती खरे तर परिदले आहेत: बहुधा ६ किंवा ७, कधी ५, कधी ८-९. आतून पांढरी, पाठीमागून पुष्कळदा गुलाबी किंवा जांभळट झाक असलेली. मध्ये पिवळ्या टोकांच्या पुंकेसरांचा दाट घेर आणि त्याच्या आत हिरवा झुबका. मकरंद अजिबात नाही. मधमाश्या, फुलमाश्या आणि छोटे भुंगेरे येतात ते परागासाठी. फुलाच्या खाली दांड्यावर एकाच पातळीत तीन देठाची पाने, प्रत्येक पान पुन्हा तीन भागांत खोलवर चिरलेले. हे तीन पानांचे कडे म्हणजे ओळखीची सर्वांत भरवशाची खूण. याच जंगलात याच सुमारास ऑक्झालिस ॲसिटोसेला ही आपल्या आंबुशीची नातलगही पांढरी फुलते आणि छायाचित्रांखाली दोघींच्या नावांची अदलाबदल होते. तिला पाकळ्या नेमक्या पाच, त्यांवर जांभळ्या शिरा, आणि पान म्हणजे पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची तीन दले. एवढे पाहिले तर चूक होत नाही.

आता जमिनीखालचा भाग, कारण या वनस्पतीचे खरे शरीर तिथेच आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला मूलक्षोड म्हणतात: आडवे सरपटणारे खोड, रंगाने तपकिरी, जाडीला काडीपेटीच्या काडीहून थोडे जास्त, ठिसूळ. ते जमिनीच्या वरच्या काही सेंटिमीटरांतच असते, कुजक्या पाल्याच्या थराखाली लगेच. वर्षाला साधारण दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकते, मागचे जुने टोक हळूहळू कुजून जाते आणि मधल्या फांद्या सुट्या होऊन स्वतंत्र रोप बनतात. त्यामुळे खोलीएवढा एक ताटवा पुष्कळदा एकाच मूळ रोपाचा विस्तार असतो. फुलांच्या पाठीचा रंग आणि परिदलांची संख्या जिथे एकदम बदलते तिथे दुसऱ्या रोपाची हद्द सुरू झाली असे समजावे. याला आणखी एक बाजू आहे. ही वनस्पती स्वतःच्या परागाने बहुतांशी बी धरत नाही. एकच रोप पसरून झालेला ताटवा कितीही मोठा असला तरी शेजारी दुसरे रोप नसेल तर फुले भरपूर आणि बी जवळपास शून्य, असा प्रकार होतो. तुकड्या-तुकड्यांत उरलेल्या जंगलांत हे घडते आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळे उत्तम चालले आहे असे वाटते.

तिचे वर्ष फार थोडक्या दिवसांचे असते. हिवाळ्याच्या शेवटी अंकुर मान वाकवून पाल्यातून वर येतो; वाकलेला दांडा पाचोळा ढकलतो, कळी मागून सरळ होते. झाडे निष्पर्ण असतात तोवर सूर्यप्रकाश थेट जमिनीवर येतो आणि त्या सहा ते दहा आठवड्यांत पानांनी वर्षभराचे अन्न तयार करून खोडात साठवायचे असते. मे महिन्यात वर झाडांच्या पानांचे दाट छत झाले की खाली प्रकाशाचा काही टक्के भागच पोचतो. जूनअखेर पाने पिवळी पडून विरघळल्यासारखी जातात आणि जुलैमध्ये त्या जागी काही आहे याचा मागमूस राहत नाही. पुढच्या वर्षीचे फूल मात्र तेव्हा जमिनीखाली कळीच्या आत आकार घेऊ लागलेले असते. म्हणून यंदा एप्रिलमध्ये पाने तुडवली गेली तर नुकसान यंदा दिसत नाही, पुढच्या वसंतात फुले कमी येतात तेव्हा दिसते. तोवर कारण काय होते ते सगळे विसरलेले असतात.

प्रकल्पांच्या अहवालांत पहिली मोठी चूक इथेच होते. जंगलाची पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये केली, तर जमिनीवर नेचे, ब्रॅम्बलच्या काटेरी जाळ्या आणि गवत एवढेच सापडणार, आणि ‘तळाशी उल्लेखनीय वनस्पती नाहीत’ असे प्रामाणिकपणे लिहिले जाणार. पाहणी करणारा खोटे बोलत नाही. तो चुकीच्या महिन्यात गेलेला असतो. या फुलासाठी पाहणी झाडांच्या कळ्या फुटण्याच्या आधीपासून पाने अर्धी उघडेपर्यंतच्या काळात व्हायला हवी, आणि शक्यतो तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. दिवसाची वेळसुद्धा महत्त्वाची. संध्याकाळी, ढगाळ हवेत आणि पावसात फुले मिटून खाली झुकतात, पाठीचा गुलाबीपणा पाचोळ्यात मिसळून जातो आणि निम्मी फुले नजरेतून सुटतात. ऊन असताना, सकाळी दहा ते दुपारी चार, हा काळ बरा.

मोजण्याची पद्धत साधी आहे. एक मीटर बाजूची चौकट घ्यायची. जंगलाच्या कडेपासून आतपर्यंत दोरी ताणून ठरावीक अंतरावर ती टाकायची, एका लहान जंगलासाठी निदान २० वेळा. जागा मनाने निवडू नये, नाहीतर चौकट आपोआप फुलांवरच पडते. प्रत्येक चौकटीत फुलांचे दांडे वेगळे आणि नुसती पाने वेगळी मोजायची, कारण या दोहोंचे प्रमाण आकड्यापेक्षा जास्त सांगते. पाने भरपूर आणि फुले तुरळक असली तर सावली वाढली आहे, किंवा हरणे फुले खुडत आहेत, किंवा तांबेरा पडला आहे. हरणांनी खाल्लेले असेल तर दांडे वरून तुटलेले दिसतात. सावली असेल तर पाने पातळ, पसरट आणि दांडाच नसलेला. ताटव्याच्या कडेवर खुंट्या ठोकून किंवा उपग्रह-स्थाननिश्चितीने नोंद करून ठेवावी. पुढच्या पाच वर्षांत कड पुढे सरकली की मागे हटली, हे त्याशिवाय कळत नाही. छायाचित्रे असावीत, पण छायाचित्रांवर मोजणी करू नये.

आता वेगाबद्दल. ‘वुड ॲनिमोनी शंभर वर्षांत सहा फूट पसरते’ हे वाक्य ब्रिटनमध्ये फार फिरते. ते खोडाच्या वाढीवरून आलेले आहे आणि तेवढ्यापुरते बरोबर आहे: वर्षाला दोन सेंटिमीटर, म्हणजे शतकाला दोन मीटर. पण त्यालाच निसर्गाचा नियम मानू नये. मुंग्याही तिचे बी नेतात. बीच्या बुडाशी स्निग्ध पदार्थाचा एक छोटा भाग असतो, तो मुंग्यांना हवा असतो. त्या बी ओढत वारुळाकडे नेतात, तो भाग खातात आणि बी टाकून देतात. जुन्या जंगलाला अगदी खेटून नवे जंगल असेल तर अशा मदतीने प्रसार जास्त वेगाने होतो. तरीसुद्धा तो वर्षाला मीटरभराच्या आतच राहतो. नवी लागवड जुन्या जंगलापासून २०० मीटरवर, मध्ये शेत किंवा रस्ता अशी असेल, तर मुंगी तिथवर बी नेत नाही. मधला पट्टा उद्याच रान झाला असे गृहीत धरले आणि सर्वांत उदार वेग लावला, तरी २०० वर्षे झाली. केवळ खोडाच्या वेगाने जायचे तर १०,०००. भरपाईच्या झाडांची देखभाल ज्या मुदतीत आखली जाते तिच्याशी हे आकडे ताडून पाहावेत.

याच मंदपणामुळे ही वनस्पती जुन्या जंगलाची साक्षीदार ठरली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १६०० सालापासून आणि स्कॉटलंडमध्ये १७५० पासून अखंड जंगल असलेल्या जागेला ‘प्राचीन वन’ म्हणतात. युनायटेड किंग्डमच्या जमिनीपैकी असे वन सुमारे अडीच टक्के उरले आहे. ब्रिटिश वन-अभ्यासक जॉर्ज पीटरकेन यांनी १९७४ साली इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या मध्य भागातील जंगलांचा अभ्यास करून जुन्या जंगलांतच प्रामुख्याने सापडणाऱ्या वनस्पतींची यादी वापरण्याची रीत मांडली, आणि वुड ॲनिमोनी अशा याद्यांत नेहमी असते. मात्र एका फुलावरून निकाल देऊ नये. ब्रिटनच्या उत्तर-पश्चिमेकडच्या दमट हवेत ती उघड्या कुरणांत आणि बांधांवरही वाढते, आणि तिथे ती ‘इथे पूर्वी जंगल होते’ असे फार तर सुचवते. कोरड्या पूर्व भागात तिचे वजन जास्त. जुन्या नकाशांची, बांध-खंदकांच्या खुणांची आणि यादीतल्या आणखी दहा-बारा वनस्पतींची जोड मिळाली तर मत पक्के होते. इंग्लंडच्या नियोजन धोरणात २०१२ पासून प्राचीन वनाला भरून न येणारा अधिवास म्हटले आहे आणि २०१८ पासून अगदी अपवादात्मक कारणाशिवाय तिथे बांधकामास परवानगी नाकारावी असे लिहिले आहे. ‘भरून न येणारा’ हे शब्द धोरणात आले त्यामागे अशाच मंद वनस्पती आहेत.

नव्या लागवडीत दुसरा अडथळा मातीचा आहे, आणि मला तो अंतरापेक्षाही मोठा वाटतो. जुन्या शेतात वर्षानुवर्षे खत पडलेले असते. नायट्रोजन काही काळाने वाहून जातो; फॉस्फरस मातीच्या कणांना धरून बसतो आणि पिढ्यान्‌पिढ्या राहतो. अशा सुपीक मातीत वसंत सुरू होताच नेटल (अंगाला लागताच आग करणारी), क्लीव्हर्स आणि उंच गवत एवढे जोमाने येते की वीतभर उंचीचे रोप त्यांच्याखाली गुदमरते. ॲनिमोनीला सुपीक माती सोसत नाही असे नाही. तिला तिथले शेजारी सोसत नाहीत. फ्रान्सच्या ईशान्य भागातील एका जंगलाचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तिथे रोमन काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, शेती झाली होती आणि पुढे रान वाढले. जवळपास दोन हजार वर्षांनंतरही शेती झालेल्या भागातली माती आणि जमिनीवरची वनस्पती बाजूच्या जमिनीपेक्षा वेगळी निघाली. लागवड करायचीच तर पूर्वी खत न पडलेली जमीन, आणि तीही जुन्या जंगलाला चिकटून असलेली, निवडणे म्हणूनच गरजेचे.

‘मग मातीच उचलून नेऊ’ असा तिसरा मार्ग सुचवला जातो. यंत्राने वरचा थर खरवडून दुसरीकडे पसरायचा. हे बुडणाऱ्या जहाजावरून सामान उतरवण्यासारखे आहे: काही वाचते, जहाज वाचत नाही. काय बिघडते ते नेमके सांगतो. खोडे वरच्या काही सेंटिमीटरांत असतात. यंत्राचे पाते ३० सेंटिमीटर माती एकत्र उचलते, त्यात ती तुटतात आणि निम्म्याहून जास्त तुकडे इतके खोल गाडले जातात की अंकुर वर पोचत नाही. माती ढिगाने साठवली की आत हवा राहत नाही, खोडे कुजतात. ओल्या चिकणमातीवर यंत्र फिरले तर ती दाबली जाऊन घट्ट होते, पावसाचे पाणी तुंबते आणि या खोडांना तुंबलेले पाणी चालत नाही. शेवटी माती पसरायची जागा उघडी, वर सावली नाही. पहिल्याच उन्हाळ्यात थर वाळतो आणि तण माजते. दुसरा कोणताच उपाय उरला नसेल तेव्हाच हे करावे, आणि तेव्हा निदान एवढे पाळावे: पाने सुकल्यावर, माती कोरडी असताना, शरद ऋतूत हलवणे, वरचा १०-१५ सेंटिमीटरांचा थर शक्यतो अखंड चौकोनी तुकड्यांत उचलणे, न साठवता त्याच दिवशी पसरणे, आणि जिथे पसरायचे तिथे आधीच छत असणे. याला ‘जंगल हलवले’ म्हणू नये.

जे उरले आहे ते राखणे तुलनेने स्वस्त आहे. इंग्लंडमधल्या सरकारी सल्ल्यात प्राचीन वनाच्या कडेला निदान १५ मीटरचा मोकळा पट्टा सोडायला सांगितले आहे. जवळ खत किंवा तणनाशक फवारणारी शेती असेल तर मी त्याहून जास्त सोडावा असे म्हणेन. पायवाटा ताटव्यांतून जात असतील तर वसंतात लोक चिखल चुकवायला वाटेच्या कडेने चालतात आणि वाट दर वर्षी रुंदावते. तिथे पाटी लावण्यापेक्षा वाट लाकडी चिपांनी कोरडी करणे आणि दोन्ही कडांना आडव्या फांद्या टाकणे जास्त लागू पडते. तोडणीची कामे आणि यंत्रांची ये-जा फेब्रुवारी ते जून पूर्ण बंद ठेवावी.

जिथे हेझलची झुडपे बुंध्यापाशी कापून पुन्हा फुटवे घेण्याची जुनी रीत (तिला कॉपिस म्हणतात) चालू आहे, तिथे हे फूल सर्वांत चांगले राहते. साधारण ७ ते १५ वर्षांच्या फेऱ्याने एकेक पट्टा कापला जातो. कापल्यानंतर लगेचच्या वसंतात फारसे दिसत नाही, कारण खोडांत साठा नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात मात्र फुलांचा पूर येतो. पुढे फुटवे वाढले की फुले कमी होतात, खोडे जमिनीखाली टिकून राहतात. यातली सामान्य चूक म्हणजे एकदम मोठे क्षेत्र कापणे आणि हरणांना मोकळे सोडणे: नवे फुटवे खाल्ले जातात, छत परत होत नाही आणि ब्रॅम्बल सगळे ताब्यात घेते. कापलेल्या पट्ट्याला पहिली काही वर्षे कुंपण हवे. कापलेल्या फांद्यांचे ढीग ताटव्यावर रचू नयेत आणि तिथे शेकोटी करून जाळू तर मुळीच नये. राखेच्या जागी बरीच वर्षे नेटलच उगवते.

विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये अनेक जुन्या जंगलांत देशी झाडे काढून स्प्रूससारखे सूचिपर्णी वृक्ष लावले गेले. तिथे बारमाही अंधार असतो, तरी जिथे थोडाफार प्रकाश येतो तिथे एखाददुसरे पान दर वसंतात उगवून खोड जिवंत ठेवते. ते पान दिसले की अनेकांना सगळे सूचिपर्णी एकदम तोडावेसे वाटतात. तसे करू नये. एकदम उजेड पडला की सुप्त पडलेल्या ब्रॅम्बल आणि गवताच्या बिया आधी जागतात, ॲनिमोनी मागे पडते. दर काही वर्षांनी थोडी-थोडी विरळणी करावी, सुरुवात शिल्लक राहिलेल्या पानांच्या आसपास आणि जुन्या ओकांभोवती, आणि खाली काय उगवते ते पाहून पुढची झाडे निवडावीत.

नव्या रानात ती मुद्दाम आणायची असेल तर झाडांसोबत लावू नये. आधी छत मिळून सावलीने गवत हटू द्यावे. त्याला १० ते १५ वर्षे सहज लागतात. मग बियांपासून तयार केलेली रोपे लावावीत, म्हणजे वेगवेगळ्या मूळ रोपांचे मिश्रण होते आणि पुढे बी धरते. बी मिळवताना बहुतेकांचे चुकते ते इथे: फळांचा झुबका मेअखेर ते जूनमध्ये खाली झुकतो, बी हिरवेच असते, आणि हिरवे असतानाच ते पिकलेले असते. बोटाने हलके घासले आणि सुटून आले तर तयार. तपकिरी होण्याची वाट पाहिली तर एका सकाळी काहीच उरलेले नसते, मुंग्यांनी नेलेले असते. कागदी पाकिटात वाळवून ठेवलेले बी मरते. त्यातला भ्रूण अजून अपुरा असतो आणि तो ओलाव्यातच वाढतो. म्हणून दोन-तीन दिवसांच्या आत पेरावे. ट्रेमध्ये चाळलेला कुजका पाला आणि जाडसर वाळू समभाग, त्यावर बी, वर अर्धा सेंटिमीटर कुजका पाला, उंदीर-पक्ष्यांसाठी बारीक जाळी. ट्रे घराबाहेर सावलीत, सतत ओलसर. उन्हाळाभर वर काही दिसत नाही. शरदात मूळ निघते, तेही आतच. पहिले पान हिवाळ्याची थंडी गेल्यावर येते. या मधल्या आठ-नऊ महिन्यांत ‘उगवलेच नाही’ म्हणून अनेक ट्रे ओतून दिले जातात. पहिल्या दोन वर्षांत रोप हलवू नये. फूल यायला चार-पाच वर्षे किंवा जास्त लागतात. बी गोळा करायला जमिनीच्या मालकाची परवानगी घ्यावी, आणि एका ताटव्यातून थोडेच घ्यावे. खोड उपटणे ही वेगळीच गोष्ट आहे: ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण क्षेत्र कायद्यानुसार मालकाच्या परवानगीशिवाय कोणतीही रानवनस्पती मुळासकट काढणे गुन्हा आहे.

बागेसाठी घेणाऱ्यांना दोन शब्द. रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्यावीत आणि तसे विचारावे. कुंडीतले, पानावर असलेले रोप सर्वांत सुरक्षित. सुटी खोडे घ्यायची तर पाने सुकल्यानंतर ते शरदापर्यंत, आणि ओलसर भुशात बांधलेली. उघड्या पिशवीत सुकलेली काडी बहुधा मेलेली असते. टोकाचा एक तुकडा मोडून पाहावा: आत पांढरे आणि टणक असेल तर जिवंत, तपकिरी किंवा पोकळ असेल तर पैसे वाया. चार-पाच सेंटिमीटरचे, निदान एक कळी असलेले तुकडे करून, ३ ते ५ सेंटिमीटर खोल, आडवे, १५ सेंटिमीटर अंतराने लावावेत. वरची बाजू कोणती ते शोधत बसू नये, आडवे ठेवले की अंकुर वाट काढतो. वर दोन-तीन सेंटिमीटर कुजक्या पाल्याचा थर द्यावा. रासायनिक खत किंवा शेणखत देऊ नये. जागेवर काठी रोवून खूण ठेवावी, कारण उन्हाळ्यात रिकामी दिसणारी माती उकरली जाते आणि बागेतल्या ॲनिमोनीचा शेवट बहुतेक वेळा असाच होतो. पाचोळा लोखंडी दाताळ्याने ओढू नये, हाताने उचलावा. पहिल्या वसंतात एखादेच पान आले तर निराश होऊ नये. जिथे हिवाळ्यात जमीन थंड राहत नाही तिथे मात्र हा उद्योग करू नये. थंडीशिवाय कळी जागी होत नाही.

बाजारात ॲनिमोनी ब्लँडा याच वनस्पतीच्या नावाने विकली जाते. ती तुर्कस्तान-ग्रीसकडची, गाठदार कंदाची, निळ्या-गुलाबी-पांढऱ्या रंगांची, अरुंद अशा नऊ ते पंधरा परिदलांची. बागेत ती सुंदर दिसते; जंगलात नेऊन लावू नये.

रोगांपैकी तांबेरा ओळखून ठेवण्यासारखा. त्याने ग्रासलेली पाने फिकट आणि इतरांपेक्षा उंच, सरळ उभी राहतात, खालच्या बाजूस तपकिरी पुटकुळ्या येतात, आणि त्या दांड्यावर फूल जवळजवळ येत नाही. पुटकुळ्यांची मांडणी नेच्याच्या पानामागच्या ठिपक्यांसारखी दिसते, इतकी की अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा पानाची नोंद चक्क नेचे म्हणून झाली आणि त्याला ‘चालग्रेव्हच्या जादूगाराचे नेचे’ हे नाव चिकटले. बागेत अशी पाने काढून टाकावीत. जंगलात राहू द्यावीत, ती तिथलीच आहेत. ताटव्यात वसंतात तपकिरी, देठावर उभ्या वाटीसारखी बुरशी दिसली तर ती ड्युमाँटिनिया ट्यूबरोसा. ती ॲनिमोनीच्या खोडावर जगते आणि ॲनिमोनी संपली की तीही संपते, म्हणून पाहणीत तिचीही नोंद व्हावी.

सर्व भाग कच्चे असताना विषारी आहेत. चिरडल्यावर त्यातून निघणारे प्रोटोॲनिमोनिन कातडीवर फोड आणते आणि पोटात गेल्यास दाह करते. मुलांना पाहू द्यावे, खुडू देऊ नये. खुडलेले फूल पाण्यातही लवकर मलूल होते.

संपादक महोदय, एक विनंती आहे. ‘तोडलेल्या झाडांच्या बदल्यात इतकी झाडे’ अशी बातमी पुढच्या वेळी छापताना तिच्यात तीन गोष्टी विचारून घालाव्यात: तोडले जाणारे जंगल किती वर्षांचे आहे, तळाच्या वनस्पतींची पाहणी कोणत्या महिन्यात झाली, आणि नवी लागवड जुन्या जंगलापासून किती मीटरवर, कोणत्या जमिनीत आहे. झाडांचा आकडा त्यानंतर छापावा.

कळावे,
आपला नम्र,
वनस्पतिशास्त्राचा एक अभ्यासक